उपासाचं ताट

आखातातल्या बुदैयाच्या त्या मळ्यात श्रावणात पाणी तापवावं लागत नसे, निववावं लागे. छपरावरची टाकी दिवसभर उन्हात उकळायची आणि तोटी सोडली की हाताला चटका बसायचा. म्हणून चारुलताबाई आदल्या संध्याकाळीच बादली भरून मोरीत ठेवत, वर परात झाकत, आणि सकाळी त्यात कोपर बुडवून बघत. दापोलीला जन्मभर त्यांनी चुलीपुढे बसून बाळंतिणींसाठी हंडे तापवले होते. इथे सगळं उलटं. पण कोपराला पाणी बरं लागलं की त्यांचं मन जागेवर येई. मग त्या भिंतीला टेकून पाय पसरत, साडी गुडघ्यापर्यंत सारून नातीला पायांवर घेत, तेलाची वाटी जवळ ओढत आणि ओठातल्या ओठात स्तोत्र सुरू करत.

नात रडत नसे. पाठीला तेल लागलं की डोळे मिटी, डोक्यावर पाणी पडलं की एकदा तोंड उघडून पुन्हा मिटी. न्हाणं झालं की ओव्याची जराशी धुरी. मग बंडी, झबलं, दुपटं, कुंची, आणि वर कानांवरून बांधलेलं टोपडं. खोलीत एसी होता आणि त्या यंत्राच्या गारठ्यावर चारुलताबाईंचा मुळीच विश्वास नव्हता.

"पाजू का आता?" सून तेजस्वी विचारायची. पलंगाच्या कडेला ती ब्लाउजची बटणं सोडून बसलेली असे.

"न्हाण्याची झोप मोडू नये गं. उठली की पिईल."

आर्या उठायची ती दुपारी. दोनचार वेळा ओढायची आणि पुन्हा पेंगायची. तेजस्वी तिच्या गालावर बोट फिरवायची, पण गालही झोपलेलाच.

"शहाणी आहे माझी बाय," चारुलताबाई म्हणत. "हिचा बाप होता तसा. घरात पोर आहे हे शेजाऱ्याला कळू दिलं नाही त्यानं."

त्यांचा मुलगा मयुरेश या मळ्यावर सुपरवायझर होता. दापोलीला शेतीचा कोर्स केला, दोन वर्षं आंब्याच्या बागेत काढली आणि मग इथे आला. मळ्याच्या मागच्या अंगाला, खजुरीच्या ओळीपलीकडे दोन खोल्यांचं घर त्याला मिळालं होतं. हे दिवस टोमॅटोच्या रोपांचे होते. थंडीतल्या बाजारासाठी आत्ताच ट्रे भरायचे आणि हरितगृहात जपायचे. एका टोकाला ओल्या पुठ्ठ्यांची भिंत, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे. मोटर भिंतीवर पाणी सोडी, पंखे ती ओल आत ओढत. मोटर बंद पडली तर तासाभरात रोपं माना टाकणार. त्यामुळे मयुरेशचा जीव त्या मोटरीत. घरी यायचा तो घामानं निथळत, बनियन पिळून दोरीवर टाकायचा, उभ्याउभ्या चहा प्यायचा आणि मुलीकडे बघून विचारायचा, "झोपलीय?"

"झोपलीय," दोघी सांगत.

आर्याच्या सुईचा, म्हणजे लसीचा, दिवस आला तेव्हा तो दोघींना गाडीतून आरोग्य केंद्रात घेऊन गेला. तिथे हुदा नावाची नर्स होती. उंच, काळ्या अबायावर पांढरा कोट घातलेली. ती आर्याला टेबलावर घेऊन एकेक कपडा काढू लागली. टोपडं काढलं, कुंची काढली, दुपटं सोडलं, झबलं उतरवलं, आत बंडी निघाली. मागे रांगेतल्या बायका बघत होत्या.

"हज्जिया," हुदा चारुलताबाईंकडे वळून हिंदीत म्हणाली, "ये बेबी है या प्याज?"

बायका हसल्या. मयुरेशही हसला. "मोठ्या बाईला इथे हज्जियाच म्हणतात, आई." चारुलताबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. त्यांना हसू आलं नाही.

बंडी उतरली आणि हसणं थांबलं. काट्यावर ठेवलेलं ते उघडं पोर चारुलताबाईंनी जणू पहिल्यांदाच पाहिलं. रोज तेलाच्या हातानं चोळत होत्या, पण हात चालताना डोळे मिटलेले असत, स्तोत्रात. मांड्यांची कातडी सैल झाली होती. बरगड्या मोजता आल्या असत्या. हुदानं आकडा वाचला, पुन्हा तपासला, आणि आतल्या डॉक्टरला बोलावून आणलं. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, तोंडात बोट घालून बघितलं, तेजस्वीची छाती तपासली. आजार काही नाही, तो म्हणाला. दूधही आहे. पोर पीतच नाही. एव्हाना जन्माच्या वजनाच्या पुढे जायला हवी होती, आणि ती मागे आहे.

"टू मच स्लीप," हुदा म्हणाली. "गरम कपडा, गरम बेबी, स्लीप. भूखा बेबी भी स्लीप. रोने का ताकत मफी." मफी म्हणजे नाही, मयुरेशनं हळूच सांगितलं. हुदानं तेजस्वीला समोर बसवून दाखवलं. कपडे काढून छातीशी घ्यायचं. पेंगली की तळवे चोळायचे, लंगोट बदलायचा, पुन्हा लावायचं. दोन्ही बाजूंनी. पिऊन झालं की हातानं पिळून वाटीत काढायचं आणि चमच्यानं पाजायचं. दिवसा, रात्री, झोपलेली असली तरी उठवून.

"और कुछ नहीं देना. सिर्फ दूध. पानी नहीं, शहद नहीं."

 रोज सकाळी चारुलताबाई सहाणेवर मुरडशेंग, वेखंड उगाळून गुटी चाटवत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. हुदानं त्यांच्याकडे बघून जरा थांबून म्हटलं, "हज्जिया, समझा?"

"समझा," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आणा. वजन चढलं नाही तर हॉस्पिटलात ठेवावं लागेल.

घरी परतताना मयुरेशनं गाडी हळू चालवली. महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी नवे बंगले, मध्येच एखादी जुनी बाग, खजुरीच्या झावळ्यांवर पांढरी धूळ. तेजस्वीचा ब्लाउज पुढून ओला झाला होता आणि ती पदरानं झाकत होती. मांडीवरचं पोर झोपलेलं होतं.

चारुलताबाईंचे देव स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या एका फळीवर होते. त्यांचा चातुर्मास चालू होता. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि जेवताना बोलायचं नाही, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. त्या आपलं ताट घेऊन देवांकडे तोंड करून बसत, आणि मागे पाठीशी घरात काय चाललंय ते त्यांना कळत नसे. त्या संध्याकाळी त्यांनी निरांजन लावलं, तळहातावर पाणी घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरीचं वजन जन्माच्या वजनावर येईपर्यंत धान्य वर्ज्य." पाणी ताम्हणात सोडलं.

तेजस्वी दारात उभी होती. "आई, नका ना असं करू. इथल्या उन्हात तुम्हाला झेपणार नाही."

"मला काय होतंय. म्हातारीला लागतं किती. तू जेव पोटभर."

मग सुरू झाले ते दिवस. तेजस्वी पोरीला उघडी करून छातीशी घेई, चारुलताबाई तळवे चोळत. तळवे म्हणजे तरी काय, बोटभर. पोर डोळे उघडी, ओढी, थांबे. "ओढ गं बाय, ओढ," चारुलताबाई म्हणत. मग वाटी. तेजस्वी पिळायची आणि वाटीचा तळ झाकेल एवढं दूध निघायचं. ते दूध चारुलताबाई पोरीच्या ओठाच्या कडेनं थेंबथेंब सोडत. पाजणं संपून पाठ टेकतेय तोवर पुढच्या पाजण्याची वेळ होई. बाहेर हवा अशी जड की वाळत घातलेले लंगोट दुपारपर्यंत दमटच राहत. तेजस्वीच्या डोळ्यांखाली काळं आलं. ती पलंगावरून उठताना आधी भिंत धरी.

तेजस्वी झोपली की चारुलताबाईंना राहवत नसे. एसीचा झोत थेट पाळण्यावर येतोय असं त्यांना वाटे आणि हात आपसूक टोपड्याकडे जाई. जाग आली की तेजस्वी ते काढून बाजूला ठेवी. दोघीही त्याबद्दल बोलत नसत.

तिसऱ्याचौथ्या दिवशी वाटीतलं दूध कमी झालं. आदल्या दिवसापर्यंत तळ झाकला जायचा, आता कडेला जेमतेम गोळा होई. चारुलताबाईंनी डिंकाचे लाडू बांधले, अळिवाची खीर केली, ताटं वाढली, आणि आपला वाटीभर साबुदाणा, साबुदाणाही नको वाटला तर केळं, घेऊन देवांकडे तोंड करून बसल्या. दुपारी दापोलीहून बहिणीचा फोन आला तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बोलल्या. "दूधच कमी गं तिला. करते ती बिचारी, पण असतं एकेकीचं अंग. आपल्याला कशा धारा लागायच्या." फोन ठेवून वळल्या तर मागे तेजस्वी रिकामी वाटी धुवायला आलेली. तिनं वाटी घासली, पालथी घातली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर बंद पडली. मयुरेश पळत सुटला. हाताखालचे दोन गडी पाइपानं पुठ्ठ्यांवर पाणी मारत राहिले आणि तुबलीच्या वर्कशॉपमधून जमालुद्दीन निघाला. तो रत्नागिरीचा. मळ्यांच्या मोटरी बांधण्यात त्याची इथे वीस वर्षं गेली होती. गाडीत त्याची बायको रुकय्याही होती. मळ्यावर गाववाल्यांच्या घरी बाळंतीण आहे हे तिनं ऐकलं होतं. ती मांडी भरेल एवढा डबा घेऊन उतरली.

"बकऱ्याच्या पायांचा रस्सा आणलाय बाळंतिणीसाठी. तुम्ही माळकरी असाल तर तुमच्या ताटाला लावू नका, काकू. पण सुनेला द्या."

"माळ नाही माझी. पण सध्या माझं सगळंच बंद आहे," चारुलताबाई म्हणाल्या. "ती खाते. घाल तिला."

रुकय्यानं आत जाऊन आर्याला उचललं, सगळीकडून बघितलं, तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटली. मग वाडगाभर रस्सा काढून तेजस्वीपुढे धरला. तेजस्वीनं वाडगा घेतला आणि बाजूच्या स्टुलावर ठेवला.

"खा की. निवल्यावर काय चव."

"खाते नंतर. आईंचं काही झालं नाही अजून."

"काकूंचं काय व्हायचंय? त्यांचा तर उपास ना?"

तेजस्वीनं वाडगा आणखी लांब सारला. रुकय्यानं तिच्याकडे बघितलं, स्टुलावरच्या रश्शाकडे बघितलं, आणि उठून बाहेर आली. चारुलताबाई पायरीवर सहाण धूत होत्या. गुटी त्यांनी थांबवली होती, पण सहाण रोज धुवायची सवय सुटली नव्हती.

"काकू, एक बोलू? रागावू नका."

"बोल की."

"सून जेवते का तुमची?"

"मी वाढते ना. दोन्ही वेळा."

"वाढता हो. पण खाताना बघितलंय?"

चारुलताबाईंचा हात थांबला.

"माझी सासू रोजे धरायची, तेव्हा माझ्या दिवसांतसुद्धा माझ्या घशाखाली घास जायचा नाही," रुकय्या म्हणाली. "ती कधी म्हणाली नाही की खाऊ नको. उलट ओरडायची, खा म्हणून. पण ती उपाशी बसलीय आणि आपण चावायचं, ते जमत नाही. माणूस ओशाळतं."

तिकडे हरितगृहात मोटर एकदा घरघरली आणि पुन्हा बंद पडली. जमालुद्दीननं कुणाला तरी पाना मागितला. रुकय्या आपल्या डब्याचं झाकण लावून, तो तिथेच ठेवून गाडीकडे गेली.

चारुलताबाई उठल्या. मोरीशेजारी कचऱ्याची बादली होती. त्यांनी वरची दुधीची सालं हातानं बाजूला केली. खाली भाकरी होती, अर्धी, वरणानं भिजलेली. तिच्याखाली कालचा लाडू, एक घास घेतलेला. आणखी खाली बघायचं धाडस त्यांना झालं नाही. सालं पुन्हा वर ओढून त्यांनी हात धुतले.

त्या देवांपुढे जाऊन बसल्या. निरांजन लावायची वेळ नव्हती, म्हणून नुसत्याच बसल्या. नेम मोडणं त्यांना ठाऊक नव्हतं. मयुरेशच्या वडिलांना जाऊन बारा दिवस झाले होते तेव्हाही त्यांनी गुरुवार सोडला नव्हता. ताप असताना सोडला नव्हता. नेम म्हणजे दिलेला शब्द, आणि हा तर पोरीच्या जिवाच्या नावानं दिलेला. तो मोडला आणि तिकडे काट्यावर आकडा खाली गेला तर? उद्या हॉस्पिटलात नळ्या लावलेल्या पोरीशेजारी बसताना आपण स्वतःला काय सांगायचं?

 मग त्यांच्या मनात आलं, की उपास आपण धरला खरा, पण चालवते आहे ती तेजस्वी. आपलं केळं, आपला साबुदाणा. तिच्या पोटात तर तेवढंही नाही, आणि तिच्यात दोघींचं पोट आहे. देवाला जे कबूल केलं ते आपण तिच्या ताटातून उचलून दिलं. दुसऱ्याच्या ताटातलं वाहायला आपल्याला कुणी सांगितलं होतं?

"दोष लागायचा तर मला लाव," त्या फळीकडे बघून म्हणाल्या. "पोरीच्या वाटेला जाऊ नकोस." आणि उठून तांदूळ धुवायला लागल्या.

भात झाला, मुगाचं घट्ट वरण झालं. रुकय्याचा रस्सा गरम केला. त्यांनी देवांकडे पाठ करून, पलंगाच्या खोलीतच जमिनीवर दोन ताटं मांडली, एकमेकांसमोर. तेजस्वी पोरीला मांडीवर घेऊन बघत राहिली.

"आई, हे काय?"

"बस. आर्याला दे इकडे." त्यांनी नातीला आपल्या मांडीवर घेतलं, डाव्या हातानं धरलं, उजव्या हातानं भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. चावून गिळला. "हं. आता तू."

"तुमचा नेम…"

"झाला."

"वजन कुठे वाढलंय अजून?"

"वाढेल. जेव."

"आणि तुम्ही बोलताय जेवताना."

"तेही गेलं त्याच्यासोबत. आता खा बाई, नाहीतर माझी दोन्ही व्रतं फुकट जातील."

तेजस्वी हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसत तिनं घास घेतला. मग दुसरा. चारुलताबाई तिच्या ताटावरून नजर हलवत नव्हत्या. भात संपला तेव्हा न विचारता त्यांनी आणखी वाढला, वर तूप सोडलं. रश्शाचा वाडगाच तोंडाला लावून ती प्यायली. तिनं वाडगा खाली ठेवला तेव्हा चारुलताबाई म्हणाल्या, "काल फोनवर बोलले ते चुकलंच माझं."

तेजस्वीनं मान हलवली. ती होय म्हणाली की नाही ते चारुलताबाईंना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

त्यानंतर त्या तेजस्वीबरोबर जेवू लागल्या, दोन्ही वेळा, बोलत. टोपडं आणि कुंची त्यांनी घडी करून बॅगेच्या तळाशी घातली. न्हाणं संध्याकाळवर नेलं, आणि तेही पाजून झाल्यावर. रात्री तेजस्वीचा डोळा लागला की त्या पोरीची वेळ धरून बसत, तळवे चोळून जागं करत, आणि मगच तेजस्वीच्या खांद्याला हात लावत. वाटीचा तळ पुन्हा झाकला गेला. कधी कधी वाटी लागलीच नाही, कारण पोर छातीवरच बराच वेळ टिकली. पण काही वेळा ती अगदी पहिल्यासारखी पेंगायची आणि दोघी हताश होऊन एकमेकींकडे बघायच्या. दुधाला दिवस लागतात, तेजस्वी म्हणायची, हुदाच्या आवाजात. चारुलताबाई सकाळसंध्याकाळ देवांपुढे हात जोडत, पण काही कबूल करत नसत. नुसत्या उभ्या राहत. मन चाचपडायचं. इतकी वर्षं हातात काहीतरी घेऊनच देवाकडे गेलेल्या बाईला रिकाम्या हातांनी उभं राहणं जड जात होतं.

वजनाच्या दिवशी मयुरेशला येता आलं नाही. अरबाब, म्हणजे मळ्याचा मालक, रोपं बघायला येणार होता. जमालुद्दीनच त्यांना केंद्रात सोडून गेला.  खोली गच्च भरलेली. वाट बघण्यात पाजायची वेळ उलटली आणि नंबर लागेपर्यंत आर्या चुळबुळू लागली.

हुदानं तिला घेतलं. या वेळी काढायला एक झबलंच होतं. "माशाल्ला, प्याज मफी," ती म्हणाली आणि पोरीला काट्यावर ठेवलं. थंड पत्रा पाठीला लागला, आणि आर्यानं तोंड फाडलं. ती अशी ओरडली की रांगेतल्या बायका वळल्या. हात मुठी वळून हवेत, चेहरा लालबुंद, पाय काट्यावर आपटतायत. काट्यावरचा आकडा हलत राहिला. हुदा एका हातानं तिची पावलं धरून वाकली, वाचलं, आणि चारुलताबाईंना काहीतरी म्हणाली. त्या रडण्यात शब्द ऐकू आले नाहीत. हुदानं मग बोट वर केलं, आणि अंगठा व तर्जनी जवळ धरून दाखवलं. चढलंय. थोडंसं. पुन्हा आणा.

तेजस्वीला थांबवेना. तिनं काट्यावरूनच पोरीला उचललं आणि समोरच्या बाकावर, सगळ्यांसमोर बसली. तिच्या ब्लाउजवर दोन्हीकडे ओले डाग पसरले होते. चारुलताबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरून त्यांनी आडोसा केला. रडणं एकदम तुटलं. आडोशाच्या आत ओढण्याचा आवाज यायला लागला, भरभर, मग संथ, मध्ये घोट गिळल्याचा.

पिशवीत फोन वाजला. एका हाताचा पदर दातांत धरून चारुलताबाईंनी तो काढला.

"आई, काय झालं? किती भरलं?" मयुरेश विचारत होता. मागून पंख्यांचा आवाज येत होता.

चारुलताबाईंनी खाली बघितलं. पदर तोंडात असल्यामुळे त्या नीट बोलू शकत नव्हत्या.

"थांब जरा," त्या दातांतून म्हणाल्या. "पितेय ती अजून."